आधी तेल, मग गाठ

हर्सूलला राहतो असं सांगितलं की आमच्या संभाजीनगरात लोक हमखास विचारतात, "आत का बाहेर?" तिथं मोठं जेल आहे म्हणून. माझे मामा तीस वर्षांपासून हर्सूलला राहतात. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा ऐकलाय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ते सांगून टाकायचे, "बाहेर राहतो, बाहेर." गेल्या हिवाळ्यापासून ते हे म्हणत नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. हे लिहायला बसले ते त्यासाठीच. नाहीतर मला लिहिण्याची हौस नाही, कंपनीत रोज रिपोर्ट लिहिते तेवढं पुरे होतं.

मी चिकलठाण्याला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही. घरी मी आणि आई, दोघीच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे कंपनीत, गल्लीत आणि नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा पार्ट खराब निघाला की तो का खराब निघाला हे शोधणं हे माझं काम. का, का, का, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. आमच्याकडं एक नियम आहे, रिपोर्टात 'ऑपरेटर विसरला' असं कारण लिहायचं नाही. माणूस विसरणारच. त्याला विसरता येईल अशी व्यवस्था कुणी केली, ते शोधायचं. नव्याने लागलेल्यांना मी हे इतक्या तोऱ्यात शिकवते की माझ्या माघारी ते माझी नक्कल करतात.

मामा आईपेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणजे आता अडुसष्टचे. गुलमंडीच्या मागं एका बोळात त्यांचं स्कूटरचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी घरी न जाता आधी तिथं जायचे. टू-स्ट्रोक गाड्यांचा तो निळसर धूर आणि जळक्या तेलाचा गोडसर वास मला गुलाबाच्या अत्तराहून प्यारा होता. पोरीच्या वेण्यांना गॅरेजचा वास येतो म्हणून आई मामांवर डाफरायची. पुढं त्या स्कूटरी गेल्या आणि त्यांच्याबरोबर गॅरेज गेलं. मामी वारल्या. मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मामा हर्सूलच्या दोन खोल्यांत एकटे राहायला लागले. पुढं पत्र्याची शेड, त्यात फळीवर सगळे पाने आकारानं ओळीत लावलेले, दर आठवड्याला पुसलेले, आणि उघडायला एकही गाडी नाही.

म्हणून मी डर्ट बाईक घेतली, मामांचा जीव रमावा म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे. ते खोटं होतं. मला ती हवी होती. पुण्याच्या एका माणसानं शर्यती सोडल्या होत्या आणि त्याची गाडी पडून होती. एकशेपंचवीस सीसीची टू-स्ट्रोक, वजन नव्वद किलोच्या आसपास, म्हणजे माझ्या रोजच्या स्कूटरपेक्षाही हलकी. ना दिवा, ना हॉर्न, ना नंबरप्लेट. रस्त्यावर चालवायचीच नाही अशी गाडी त्रेचाळिसाव्या वर्षी कशाला हवी, हे आईनं विचारलं, शेजारणीनं विचारलं, कंपनीतल्या साहेबांनीही विचारलं. टेम्पोतून ती मामांच्या शेडपुढं उतरली तेव्हा फक्त मामांनी काही विचारलं नाही. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, नाक लावलं आणि डोळे मिटून घेतले. "वास तोच हाय," एवढंच म्हणाले.

पावसाळा सरत आला होता. पुढचे तीन-चार रविवार आम्ही गाडी माझ्या मापाची करण्यात घालवले. आधीचा मालक चांगला थोराड असणार. मी सीटवर बसले की माझ्या पायांची फक्त बोटं टेकायची आणि गाडी जागची हलायची नाही, दबायची नाही. मामांनी अशी लांब शॉकअबसॉर्बरची गाडी आयुष्यात कधी उघडली नव्हती. त्यांनी शिंप्याची टेप आणली. मी हेल्मेट, बूट, गुडघ्याची कवचं सगळं चढवून बसायचं, आणि मागची बाजू किती खाली बसली ते त्यांनी मोजायचं. मग उतरायचं, मागच्या स्प्रिंगला दाबून धरणारं रिंगण पाना लावून थोडं सैल करायचं, परत चढायचं. "मागचं स्प्रिंग तुला वळखतच नाय. ते त्या पुण्याच्या पैलवानाला वळखतंय," असं ते म्हणाले आणि पुढचा तासभर स्वतःच्याच विनोदावर अधूनमधून हसत राहिले. हँडल माझ्या बाजूला वळवलं, ब्रेकचा आणि क्लचचा दांडा माझ्या आखूड बोटांसाठी आत घेतला. कार्बोरेटर त्यांनी जेवायच्या स्टीलच्या ताटात सोडवला, म्हणजे बारीकसारीक काही घरंगळू नये. त्यातला पेट्रोल सोडणारा पितळी जेट त्यांनी उन्हाला धरला आणि सुईच्या नाकाएवढ्या भोकातून माझ्याकडं बघितलं.

आणि मग ती गाठ. तिच्यावरच सगळं पुढं अडलं म्हणून ती नीट सांगते.

टू-स्ट्रोक इंजिनाला तेल वेगळं नसतं. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नुसतं पेट्रोल गेलं तर आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि चिकटून बसतो. मामांच्या भाषेत नुसतं पेट्रोल म्हणजे 'कोरं', आणि तेल घातलेलं म्हणजे 'पाजलेलं'. पेट्रोलला आमच्याकडं पत्र्याचे दोन कॅन होते, बाहेरून सारखे, आतलं काही दिसत नाही. कोरं कुठलं आणि पाजलेलं कुठलं हे कळावं म्हणून मामा गॅरेजच्या दिवसांपासून एक शिरस्ता पाळत आले होते. मामीच्या जुन्या लाल परकराचं कापड शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं असायचं. कॅनमध्ये औषधाच्या झाकणानं मोजून तेल घातलं, कॅन हलवला, की त्या कापडाची एक चिंधी फाडून कॅनच्या मुठीला गाठ मारायची. कॅन रिकामा झाला की गाठ सोडायची. तेल घालायच्या आधी चिंधीला हात लावायचा नाही, मग कुणी हाक मारो नाहीतर आग लागो. आधी तेल, मग गाठ.

"गाठ म्हंजे जबान," मामा म्हणायचे. "कॅनला गाठ दिसली की डोळे झाकून वत."

मामांच्या घरामागून पायवाट जाते ती तलावाच्या अंगाला ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात. मुरमाड, मधूनमधून बोरी-बाभळी, एक कोरडा ओढा. तिथं मी पहिल्यांदा गाडी सोडली. मामांनी बजावलं होतं, पहिले दोन रविवार एक्सलरेटर अर्ध्याच्या वर पिळायचा नाही. आणि डाव्या हाताचं एक बोट कायम क्लचवर ठेवायचं, कारण टू-स्ट्रोकचा भरवसा नाही. कधी चिकटली तर मागचं चाक जागेवर थांबतं, तेव्हा क्लच दाबला तर वाचतेस, नाहीतर आपटतेस. हे ते दर वेळी सांगायचे, आणि दर वेळी मी, "हो मामा, ऐकलंय," असं म्हणायचे.

या गाडीची गंमत अशी की खालून काहीच नसतं. पिळा, पिळा, नुसती घुरघुर. आणि मग एकदम कुणीतरी मागून ढकलून दिल्यासारखी ती सुटते. पहिल्या वेळी ती माझ्या खालून निघून बोरीत शिरली आणि मी मुरमावर बसून राहिले. मामा बांधावरून हसत उठले आणि आधी गाडी बघायला गेले, मग मला. दर फेरीनंतर ते प्लग काढून बघायचे. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं हवं. काळं पडलं तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं तर कमी. एका रविवारी त्यांनी प्लग हातात धरला, उन्हात फिरवला आणि म्हणाले की आता हा आपल्या घरच्या चहासारखा झाला. त्या दिवशी ते आमच्या घरी येऊन तीन भाकरी जेवले, असं आईनं सगळ्या नात्यात फोन करून सांगितलं.

रविवारी त्या रानात आणखी तिघं-चौघं गाड्या घेऊन यायचे. आधी ते मला बघायला जमले, मग त्यांना कळलं की बघण्यासारखे तर मामा आहेत. कुणी कार्बोरेटर दाखवायचा, कुणी नुसता आवाज ऐकवायचा. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे. ते त्यांना उस्ताद म्हणायला लागले. दिवाळीनंतर शेडवर आपली गाडी आणतो असं दोघांनी ठरवलंही होतं. मामांनी शेडला चुना मारून घेतला. त्यांचा मुलगा अधूनमधून पुण्याहून फोन करून म्हणायचा की एकटे कशाला राहता, इकडं या. त्याला मामांनी पहिल्यांदाच ठणकावून सांगितलं, की मला काम हाय.

दसऱ्याला दर वर्षी आई भावाकडं जाते. मामी गेल्यापासून तिथलं तोरण आणि हत्यारांची पूजा तीच करते. मी सकाळी कॅन भरून कोरं पेट्रोल नेलं आणि शेडमध्ये ठेवलं. मामांना सांगितलं की रविवारी सकाळी पाजा. मग ते आपट्याची पानं आणायला बाहेर पडले आणि मी आईला पोचवून कंपनीत पूजा होती म्हणून तिकडं गेले. संध्याकाळी आईला आणायला आले तेव्हा शेड झेंडूनं नटली होती. पाने, पक्कड, हवेचा पंप, माझी गाडी, सगळ्याला हळदीकुंकू, सगळ्याला लाल दोरा. आईच्या तडाख्यातून काही सुटत नाही. आमच्या घरी ती मिक्सरलाही दोरा बांधते.

त्यानंतरचा रविवार. मी शेडमध्ये गेले, मुठीला लाल चिंधी बांधलेला कॅन उचलला आणि टाकी भरली. मामा तेव्हा बाहेर प्लगचा पाना शोधत होते. मी ओतताना बघितलं नाही. तेल घातलेलं पेट्रोल हिरवट दिसतं, हे मला ठाऊक आहे. रोज आठ तास मी दुसऱ्यांना सांगते की डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओके म्हणू नका.

त्या दिवशी गाडीचा आवाज फार गोड लागला. स्वच्छ, चढा, आणि मागं धूर जवळजवळ नाहीच. मला वाटलं, काय सेटिंग केलंय मामांनी. एवढा स्वच्छ आवाज कशाचा असतो हेही मला कळायला हवं होतं. दहा-बारा मिनिटं झाली असतील. ओढ्याच्या काठच्या सरळ पट्ट्यात मी पहिल्यांदा पूर्ण पिळली, आणि मागचं चाक जागेवर थांबलं. क्लचवर बोट नव्हतं. मी डाव्या मनगटावर आपटले आणि गाडी माझ्या पलीकडं जाऊन पडली.

मामा धावत आले. या वेळी आधी माझ्याकडं आले. बाकीचेही जमले. मनगट दुखत होतं, पण खरं सांगायचं तर मी भ्याले होते, आणि माझी भीती नेहमी रागाच्या तोंडानं बाहेर पडते. मामांनी कॅन आणवला, उरलेलं पेट्रोल बोटावर घेतलं, चोळलं. बोट लगेच कोरडं झालं, तेलकट राहिलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"तेल घातलं होतं का नाही?" मी म्हणाले. "आठवतं तरी का तुम्हाला?"

मी हे त्या तिघा-चौघांपुढं म्हणाले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे. मामांनी कॅनची मूठ हातात घेतली आणि त्या चिंधीकडं कितीतरी वेळ बघत राहिले.

"गाठ तर माझीच हाय," ते म्हणाले. "सकाळी पाजायलाच गेल्तो. बघितलं तर गाठ होती. म्हटलं, पाजलं असंल मी." शेडवर परतल्यावर त्यांनी तेलाची बाटली काढली. ती मागच्या रविवारी होती तेवढीच भरलेली होती. ती त्यांनी मला दाखवली आणि फळीवर जागच्या जागी ठेवली. माझ्या मनासारखा पुरावा मिळाला होता.

संध्याकाळी आई माझ्या मनगटाला हळद-तुरटीचा लेप लावत होती. लावता लावता तिचं चाललं होतं, की अशी कशी पडलीस, मी तर एकाही वस्तूला कमी ठेवलं नव्हतं. शेवटाला दोरा संपला तर खिळ्यावरचं लाल कापड फाडून बांधलं, पण त्या पेट्रोलच्या डब्यालाही सोडलं नाही.

मी मनगट ओढून घेतलं. दुखलं का, असं आईनं विचारलं. मी हो म्हणाले.

म्हणजे पहिल्या 'का'चं उत्तर घरीच, लेप वाळायच्या आत मिळालं. मामा काही विसरले नव्हते. दसऱ्याच्या दिवशी आईनं कोऱ्या पेट्रोलला गाठ मारली, मामांच्याच कापडाची. आणि रविवारी मामांनी स्वतःच्या डोक्यापेक्षा स्वतःच्या गाठीवर विश्वास ठेवला. चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नव्हती. असेल तर माझी, कारण ओतताना बघायचं काम माझं होतं. आणि मी चारचौघांत त्या माणसाच्या नावापुढं नेमकं तेच कारण लिहून मोकळी झाले होते, जे मी कुणाला लिहू देत नाही.

फोन उचलून सांगायचं होतं. मी नाही सांगितलं. आधी म्हटलं, आईला कळलं तर तिच्या हातून मी पडले हे तिला सोसायचं नाही. हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खरं हे की मला माझे शब्द गिळावे लागले असते, आणि ते मला जमत नाही. मग म्हटलं, नवा पिस्टन येऊ दे, इंजिन परत बांधताना हसत हसत सांगू. पिस्टन आठ दिवसांत आला. तो घेऊन गेले तर मामांनी खोकं उघडलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाकडं दे, म्हणाले, माझं डोकं आता राहिलं नाही. त्या दोघांनाही त्यांनी गाड्या आणू नका म्हणून कळवून टाकलं होतं. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हणाले, "असं काय करता मामा, होतं एखाद्या वेळी." केवढा मोठेपणा माझा, मी त्यांना माफ करत होते.

भाऊबीजेला मामा आमच्याकडं आले. आईनं ओवाळलं. ताटावर बसल्यावर मामा आपणहून म्हणाले, "अक्का, मला इसरायला व्हायला लागलंय. डब्यात तेलच घातलं नाय आन् गाठ मारून ठिवली. पोरगी मरता मरता वाचली." आईचा हात वाढता वाढता थांबला. कसली गाठ रे, तिनं विचारलं.

तिला त्या चिंधीचा अर्थ माहीत नव्हता. मामांना ती कुणी बांधली ते माहीत नव्हतं. दोघं समोरासमोर बसले होते आणि दोन्ही अर्धी माझ्याजवळ होती. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर माझ्या मदतीशिवाय सगळं उलगडलं असतं. मी पटकन अनारशांचं ताट पुढं केलं आणि विचारलं की पुण्याहून फोन आला होता का. विषय तिकडं गेला. मुलगा म्हणतो डॉक्टरला दाखवू, मग इकडंच राहा. मामा म्हणाले, बघू, जावंच लागंल. आई पदरानं डोळे पुसत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी त्या दिवशी ताटात अर्धं टाकून उठले, आणि आई म्हणाली मनगट अजून ठणकतंय वाटतं.

संक्रांत झाल्यावर मी तिळगूळ घेऊन हर्सूलला गेले. मधल्या दिवसांत मी जायचं टाळलं होतं, कंपनीत ऑडिट आहे, सर्दी आहे, काहीही. मामांनी दार उघडलं. बारीक झाले होते. मी नेहमीसारखं, "आत का बाहेर?" असं विचारलं. ते म्हणाले, "ये ना, आत ये," आणि मी कशाबद्दल बोलले ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

चहा ठेवायला ते आत गेले. त्यांच्यामागं मीही गेले. गॅसच्या बटणाला लाल चिंधी बांधलेली होती. मामांनी ती सोडली, खांद्यावर टाकली आणि मग गॅस पेटवला. नळाला चिंधी होती. पाण्याच्या मोटारीच्या बटणाशेजारच्या खिळ्याला होती. गोळ्यांच्या डबीला होती, मागच्या दाराच्या कडीला होती. मामीच्या परकराचं कापड आता स्वयंपाकघरात टांगलेलं होतं आणि ते निम्म्याहून कमी उरलं होतं.

"सोय केलीय," मामा म्हणाले. मी बघतेय हे त्यांना दिसलं असावं. "बंद केलं की गाठ. गाठ नसंल तर बंद केलं नाय. डोक्याला इचारायचंच नाय."

चहा झाला. त्यांनी गॅस बंद केला, खांद्यावरची चिंधी घेऊन बटणाला गाठ मारली, दोनदा ओढून बघितली. मग कप घेऊन आम्ही पुढच्या खोलीत बसलो, आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. दसरा, संपलेला दोरा, खिळ्यावरचं कापड, मी न बघता ओतलेलं पेट्रोल. क्लचवर बोट नव्हतं तेही सांगितलं. मामा ऐकत होते. मध्येच त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि मला वाटलं, झालं, सुटले मी.

"अक्कानं बांधली व्हय," ते म्हणाले. "म्हंजे मी नाय इसरलो."

"नाही मामा."

ते थोडं हसले. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

पाच वेळा 'का' विचारायची मला सवय आहे. हा एकच प्रश्न होता आणि त्यात 'का' नव्हतं.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "संध्याकाळी."

मामांनी खाली ठेवलेला कप उचलून माझ्या कपाशेजारी नीट लावला. "भाऊबीजेला ठाव होतं," ते मग म्हणाले, आणि मी मान हलवली. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडून घ्यायची तयारी करून मी आले होते. ते फक्त एवढंच म्हणाले, की अक्काला सांगू नको, तिला लागंल. मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, पण लवकर काढून घेतला.

निघताना ते मला शेडपर्यंत सोडायला आले. गाडी कोपऱ्यात उभी होती, झेंडूचा हार वाळून तिच्या हँडलला तसाच होता, पिस्टनचं खोकं सीटवर. येत्या रविवारी बसवू या का, असं मी विचारलं. मामा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते मागं वळून घराकडं बघत होते. मग, "थांब जरा," म्हणाले आणि आत गेले.

शेडमधून स्वयंपाकघर सरळ दिसतं. गॅसच्या बटणाला गाठ होती. मला इथून दिसत होती, त्यांनाही दिसत असणार. तरी मामांनी वाकून बटण दाबून बघितलं, मग खाली रेग्युलेटर बघितला, मग परत बटण. बाहेर आले आणि चपला घालू लागले.

"मामा, तुम्ही काही विसरत नाही," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले, आणि एक चप्पल पायात तशीच ठेवून परत आत बघायला गेले.